जयवंत घाडीचा अर्ज

जयवंत घाडी आणि मी चिंचपोकळीच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. त्याची खोली अकरा नंबर, माझी चौदा. मी पोस्टात चिकटलो, तो भायखळ्याच्या एका कारखान्यात लेथवर लागला आणि तिथूनच रिटायर झाला. चाळीस वर्षं माणूस एकाच मशीनपुढे उभा होता. कारखान्यात त्याची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. त्याच्या हातून चुकीचा पीस पुढे जात नसे. एकदा पन्नास शाफ्टचा अख्खा लॉट त्याने अडवून धरला होता, केसाएवढ्या फरकासाठी. साहेब ओरडला, सुपरवायझरने हात जोडले, पण याने सही केली नाही. “माप चुकलंय तर चुकलंय म्हणायचं,” एवढंच त्याचं म्हणणं.

त्याला एकच नाद होता, जुन्या लष्करी सामानाचा. त्याची सुरुवात मला ठाऊक आहे, कारण मी तेव्हा त्याच्याबरोबर होतो. परळच्या कॉलेजात आम्ही दोघं एनसीसीला होतो. रेंजवर नेलं की हातात थ्री-नॉट-थ्री रायफल मिळायची, जुन्या लढाईच्या काळातली, लाकूड काळं पडलेलं, माझ्या खांद्याला निळे डाग पाडणारी. माझ्या गोळ्या कुठे जायच्या देव जाणे. जयवंतच्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील इतक्या जवळ जवळ लागायच्या. आम्हाला शिकवणाऱ्या सुभेदारसाहेबांनी त्याचं नाव दिल्लीच्या कॅम्पला पाठवलं, पुढे फौजेत जायचं असं सगळं ठरल्यासारखंच होतं. पण ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याचे वडील घरी बसले, मागे तीन बहिणी. जयवंत दिल्लीला गेला नाही, भायखळ्याला गेला. त्याबद्दल तो कधी रडल्याचं मला आठवत नाही. पण पुढे शुक्रवारी सुट्टी मिळाली की सकाळीच चोरबाजारात जायचा आणि काहीतरी घेऊन यायचा. कधी रायफलीचा कॅनव्हासचा पट्टा, कधी दस्त्याच्या पोटात बसणारी पितळेची तेलाची कुपी, नळी साफ करायची दोरी, काडतुसांचा कापडी पट्टा. हळूहळू पोटमाळ्यावरची एक पत्र्याची पेटी भरली. रायफलीचं सगळं होतं त्याच्याकडे, फक्त रायफल नव्हती.

“रिटायर झालो की घेणार,” तो म्हणायचा. “कायद्याने, परवाना काढून. शिकारबिकार नाही रे रघु, मला मारायचंय काय? एक नीट जपलेली घरात असावी, बस.”

त्याची बायको अनुजा हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल-बिडिंग करायची. दिवसभर खोलीत शिलाई मशीन चालू. त्यांचा एकुलता एक मुलगा मयूर. हुशार पोरगा, सीए करत होता. तिसऱ्यांदा नापास झाला आणि त्याने बोलणंच सोडलं. दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात एका सुट्टीच्या दुपारी अनुजावहिनी माझ्या दारात आल्या. मला मनगटाला धरून अकरा नंबरकडे घेऊन गेल्या. मी आणि जयवंतने मयूरला उचलून जिन्याने खाली आणलं, टॅक्सीत घातलं, परळच्या हॉस्पिटलात नेलं. त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. वाचला. चाळीत आम्ही सांगितलं की बाहेरचं खाऊन विषबाधा झाली. खरं काय ते आम्ही चौघं जाणत होतो, आणि माझी बायको.

त्यानंतर औषधं सुरू झाली, दर महिन्याला डॉक्टर. मयूर सावकाश सावरला. लालबागला एका चष्म्याच्या दुकानात लागला, काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या कामावर. त्याचा हात बापासारखाच होता. जयवंत एकदा दुकानाबाहेर उभा राहून अर्धा तास त्याचं काम बघत होता, आत गेला नाही. मला म्हणाला, “रघु, पोरगा कड कशी घासतो माहितीय? श्वास रोखून. मी तसाच करायचो.”

बापलेकांचं खरं सूत जुळलं ते त्या पेटीमुळे. रिटायर झाल्यावर जयवंतने पेटी खाली काढली. मयूर सुट्टीच्या दिवशी एकेक वस्तू पुसायचा, तिच्यावर ठोकलेले बारीक आकडे आणि अक्षरं भिंगातून वाचायचा आणि मोबाइलवर शोधून बापाला सांगायचा, ही कुपी कुठल्या सालची, हा पट्टा कुठल्या कारखान्यातला. तीन वर्षांनी अकरा नंबरमधून हसण्याचा आवाज यायला लागला होता.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर जयवंत मला घेऊन फोर्टला गेला. तिथे एका गल्लीत बंदुकांचं जुनं दुकान आहे. शेठ म्हातारे, कानाला यंत्र लावलेलं. जयवंतने विचारलं, “जुनी फौजी रायफल मिळेल का?”

शेठ हसले. “थ्री-नॉट-थ्री विसरा. ती साध्या माणसाला मिळत नाही. पण थांबा, एक चीज दाखवतो.”

आतून त्यांनी कापडात गुंडाळलेली लांब वस्तू आणली. एकोणीसशे बेचाळीस सालची फौजी रायफल, पण पुढे कधीतरी तिची नळी आतून गुळगुळीत करून तुरुंगाच्या पहाऱ्यासाठी मस्केट केलेली. एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलांनी ती दुकानात जमा केली होती. परवाना असेल तर अशी घेता येते, असं शेठ म्हणाले. “मात्र परवान्याशिवाय फक्त बघायचं हं, घाडीसाहेब.”

जयवंतने ती हातात घेतली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. साठीला आलेला माणूस, पण त्याने दस्ता खांद्याला लावला तेव्हा एकदम पाठ सरळ झाली. मग त्याच्यातला टर्नर जागा झाला. बोल्ट मागेपुढे करून पाहिला, कान जवळ नेऊन आवाज ऐकला. नळी दिव्याकडे धरून आत डोकावला. लाकडावरून अंगठा फिरवला, एका ठिकाणी थांबला. “इथे चीर होती. कोणीतरी भरलीय. चांगली भरलीय.” शेठ खूश झाले. म्हणाले, “एवढं बघून कोणी घेत नाही आजकाल. परवाना आणा, तोवर मी ही बाजूला ठेवतो.”

परत येताना जयवंत सबंध वाटेत बोलत होता. इतका बोललेला मी त्याला आयुष्यात पाहिला नव्हता.

घरी मात्र अनुजावहिनींनी मशीन थांबवलं. “घरात ती वस्तू नको.”

“अगो, जागा करतो मी. भिंतीत लोखंडी कपाट ठोकतो, दोन कुलुपं.”

“जागेचं नाही म्हणत मी.” त्यांनी सुई पुन्हा ओवायला घेतली. मयूर तिथेच होता.

मयूरच बोलला. “आई, माझ्यामुळे ना? मी बरा आहे. आणि काडतुसं घेणारच नाहीत बाबा, हो ना? बाबा, तुम्ही घ्या. आयुष्यभर आमच्यासाठी सगळं सोडलंत, आता माझ्यासाठी हे नका सोडू.”

जयवंतने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर. मी उंबऱ्यात उभा होतो, मलाच ओशाळल्यासारखं झालं आणि मी निघून आलो.

अर्ज केला. कागद म्हणजे किती कागद! डॉक्टरचा दाखला, प्रतिज्ञापत्र, फोटो, एका रायफल क्लबचं सदस्यत्व. हेतूच्या रकान्यात जयवंतने लिहिलं, ‘संग्रह’. लोखंडी कपाट त्याने स्वतः बनवलं, बिजागरी लेथवर काढून आणली. ते उघडताना आवाज होत नसे.

एकदा वहिनींनी विचारलं होतं, “पोलीस येऊन मयूरचं विचारतील तर?”

“मला परवाना हवाय, मयूरला नाही. त्याचं कशाला विचारतील?” जयवंत म्हणाला होता.

मार्चमध्ये चौकशीला हवालदार आले. सभ्य माणूस. शेजारी म्हणून माझी सही लागणार होती, म्हणून मलाही बोलावलं. उकाडा होता, म्हणून हवालदारांनी खुर्ची दाराबाहेर गॅलरीतच मागून घेतली. संध्याकाळचे साडेपाच, नळाला पाणी आलेलं, सगळा मजला बाहेर. बारा नंबरच्या शेवंताबाई कठड्यावर कपडे वाळत घालत होत्या. हवालदार कागदावरचे प्रश्न एकेक करून विचारत होते. वय काय, गुन्हा दाखल आहे का, दारू पिता का, भांडण वगैरे. जयवंत उत्तरं देत होता. मयूर आतून ट्रेमध्ये चहा घेऊन येत होता.

“घरात आणखी कोण?”

“बायको, मुलगा.”

“घरात कोणाला डोक्याचा काही त्रास? मानसिक उपचार वगैरे?”

आतलं मशीन थांबलं. मला वाटलं, आता जयवंत नाही म्हणेल. कोणीही बाप नाही म्हणाला असता. मी स्वतः नाही म्हणायला तोंड उघडलंही होतं.

जयवंत म्हणाला, “मुलाला आहे. डिप्रेशन. उपचार चालू आहेत. चार वर्षांपूर्वी त्याने झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. आता बरा आहे.”

अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात तो ‘माप चुकलंय’ म्हणत असेल.

हवालदारांनी मान वर केली, जयवंतकडे पाहिलं, मग लिहून घेतलं. शेवंताबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली. मयूर दारात उभा होता. त्याने ट्रे खाली टाकला नाही, आत पळाला नाही. पुढे आला, हवालदारांना चहा दिला, मला दिला, बापाला दिला. “साखर लागली तर सांगा,” असं हवालदारांना म्हणाला आणि आत गेला.

त्यानंतर कोणी मयूरशी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. चाळीतले लोक चांगलेच वागले, आणि तेच त्याला सोसलं नाही. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण “काय मयूर, बरा आहेस ना?” असं खालच्या आवाजात विचारायला लागला. एप्रिलमध्ये चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. दरवर्षीसारखा मयूर पोरांबरोबर खाली कोशिंबिरीसाठी काकड्या चिरायला बसला. शेवंताबाई लगबगीने आल्या आणि त्याच्या हातातली सुरी काढून घेतली. “दे बाळा, मी करते.” किती प्रेमाने म्हणाल्या. मयूर रिकाम्या हातांनी तिथे थोडा वेळ बसून राहिला. मग उठून वर गेला.

लालबागच्या दुकानापर्यंतही बातमी गेली. मालकांचे एक नातेवाईक आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मालकांनी त्याला कामावरून काढलं नाही. फक्त म्हणाले, “मशीनवर नको बसू काही दिवस. काउंटर सांभाळ.” मयूर आठ दिवस काउंटरवर बसला, नंतर गेलाच नाही.

परवाना नाकारल्याचं पत्र मे महिन्यात आलं. जयवंतने ते मला दाखवलं. मी म्हटलं, “अपील करता येतं.” तो म्हणाला, “बघू.” त्याचं मन अजून त्या मस्केटमध्ये होतं, हे मला तेव्हा दिसलं. हे मी त्याचा मित्र म्हणून सांगतो, त्याला वाईट ठरवायला नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मयूरने बापाला विचारलं. मी वर्तमानपत्र परत द्यायला गेलो होतो, तो दारातच थबकलो.

“बाबा, तुम्ही नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं?”

“खोटं झालं असतं.”

“ठीक आहे. खरंच सांगायचं होतं, तर मग अर्ज कशाला केलात? विचारतील हे आईला कळलं, तुम्हाला नाही कळलं?”

जयवंतने पेटीचं झाकण लावलं.

“तुमचं स्वतःचं काही असतं ना, तर खरं बोलताना मी तुमच्या बाजूने उभा राहिलो असतो. पण ते माझं होतं, बाबा. तुम्ही माझं देऊन टाकलंत. बंदुकीसाठी.”

“तूच म्हणालास, घ्या.”

“हो. मी म्हणालो बंदूक घ्या.”

मयूर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. अनुजावहिनी भिंतीकडे तोंड करून साडीच्या काठावर हात फिरवत होत्या. मी वर्तमानपत्र उंबऱ्यावर ठेवलं आणि परत फिरलो.

जूनमध्ये मयूर सांगलीला गेला. तिथे त्याच्या ओळखीच्या एका चष्मेवाल्याला काचेच्या कामाला माणूस हवा होता. बापाच्या पाया पडला, माझ्याही पडला. औषधांची चिठ्ठी नीट घडी करून पाकिटात ठेवलेली मी पाहिली. वहिनींना म्हणाला, “रोज फोन करीन.” रोज करतो तो. आईला.

पुढे काय झालं ते सांगायला मला जड जातं. ऑगस्टच्या सुमारास जयवंत पोलीस ठाण्यात गेला, पेटीतल्या एका संगिनीबद्दल विचारायला. ती घरात ठेवलेली चालते की जमा करायची, हे त्याला पक्कं करून घ्यायचं होतं. मीही बरोबर होतो. तिथे तेच हवालदार भेटले. त्यांनी ओळखलं, खुर्ची दिली.

“तुमचं वाईट वाटलं मला, काका. खरं बोलणारा माणूस. मुलगा कसा आहे?”

“सांगलीला असतो आता. नोकरीला.”

“म्हणजे घरात नाही?” हवालदारांचा चेहरा खुलला. “मग काय! पत्ता बदलल्याचं काहीतरी जोडा आणि पुन्हा अर्ज करा. आता घरात तुम्ही दोघंच. तुमची अडचणच गेली.”

त्यांच्या मनात चांगलंच होतं. जयवंत त्यांच्याकडे पाहत राहिला. मग उठला. मला वाटलं, चक्कर आली, मी दंड धरला. माझा हात त्याने सोडवला आणि बाहेर पायऱ्यांवर येऊन बसला. ठाण्याच्या पायऱ्यांवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत.

“ऐकलंस रघु?” तो म्हणाला. “माझी अडचण गेली.”

आणि रडला. वडील गेले तेव्हा रडला नव्हता, मयूरला टॅक्सीत घातलं तेव्हाही नाही. एक बाई थांबली, तिने पाण्याची बाटली पुढे केली. त्याला दिसलीच नाही, मी घेतली.

त्याने पुन्हा अर्ज केला नाही. मला शेठना फोन करून सांगायला लावलं की रायफल दुसऱ्या कोणाला द्या. शेठ म्हणाले, पुण्याच्या एका गृहस्थांना हवीच होती. संगीन ठाण्यात जमा झाली. बाकी सगळं सामान जयवंतने चोरबाजारातल्या एका ओळखीच्या दुकानदाराला परत देऊन टाकलं. मी म्हटलं, राहू दे की, मयूरने एवढं पुसून ठेवलंय. तो म्हणाला, “म्हणूनच नको.” लोखंडी कपाटात वहिनी आता दुकानांच्या साड्या ठेवतात.

गेल्या वर्षी मयूरचं लग्न ठरलं. मुलगी तिथलीच, नूपुर नावाची, शाळेत शिकवते. जयवंतने रात्रंदिवस एकच घोर लावून घेतला होता, मुलीकडच्यांना माहीत आहे का? लपवलं तर पुढे काय? शेवटी तो लग्नाच्या आठ दिवस आधी एकटाच एसटीने सांगलीला गेला. मुलाशी बोलायला. परत आल्यावर त्याने मला सांगितलं ते असं.

मयूरने त्याला दुकानात नेलं, काचांचं नवं मशीन दाखवलं, मालकांशी ओळख करून दिली. “हे माझे बाबा. चाळीस वर्षं लेथवर होते.” मग दोघं जवळच्या हॉटेलात बसले. जयवंतने शब्द जुळवत विचारलं, “तिला... तुझं ते...”

“मी सांगितलंय तिला,” मयूर म्हणाला. “पहिल्या महिन्यातच. सगळं. कोणत्या गोळ्या, किती, कोणत्या दिवशी. ती माझ्याबरोबर डॉक्टरकडे येते.” कप खाली ठेवून म्हणाला, “मी सांगायला घाबरत नव्हतो, बाबा. ते मला स्वतः सांगायचं होतं, एवढंच.”

जयवंत म्हणाला, “चुकलं माझं.”

मयूर म्हणाला, “हो.”

मग त्याने बापासाठी दुसरा चहा मागवला. राहायला घरी चला, असं मात्र म्हणाला नाही. संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. जयवंतने सगळे विधी केले, पाहुण्यांना हात जोडले, सुनेच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. मयूर सगळ्यांशी हसून बोलत होता, बापाशीही. पण ज्याने त्या दोघांना पेटी उघडून बसलेलं पाहिलं होतं, त्याला कळत होतं. पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होता तो.

आता नूपुरला दिवस गेले आहेत. अनुजावहिनी महिन्यातले पंधरा दिवस सांगलीला असतात. त्यांना दादरहून बसमध्ये बसवून द्यायला जयवंतबरोबर मी जातो. तो पिशव्या वर ठेवतो, खिडकीची सीट मिळाली का बघतो, “पोचलीस की कळव” म्हणतो. वहिनी म्हणतात, “मयूर कळवील.” बस गेल्यावर आम्ही हिंदमातावरून चालत चिंचपोकळीला येतो. गुडघे दोघांचेही दुखतात, पण रिकाम्या खोलीत लवकर जाऊन तो काय करणार?

परवाच्या खेपेला वहिनी सकाळच्या बसने गेल्या. संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन बसला, मोबाइल गुडघ्यावर ठेवून. साडेसातला तो वाजला. मयूरचा मेसेज होता. जयवंतने चष्मा लावून वाचला आणि मग मला दाखवला.

‘आई पोचली.’

जयवंतने उत्तर लिहायला घेतलं. एका बोटाने लिहितो तो. बरंच काही लिहिलं, मग सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. माझ्या बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने शेवटी ‘बरं’ एवढंच लिहून पाठवलं, आणि हात धुवायला उठला.